आधी गरज, मग ध्यास

मराठीत गेल्या काही दशकांत ‘यशोगाथा’ नावाचा एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. अभ्यासक्रमात त्याला जागा नाही आणि समीक्षेनेही त्याची फारशी दखल घेतलेली नाही. तरीही वृत्तपत्रांच्या पुरवण्या, ग्रंथप्रदर्शनातील दर्शनी टेबले आणि महाविद्यालयांतील व्यवसाय मार्गदर्शनाची व्याख्याने यांतून तो आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत सहज पोहोचतो. त्याचा साचा वाचकांना ठाऊक असेलच. नायकाला लहानपणापासून कशाचे तरी वेड असते. घरच्यांचा विरोध असतो. तो नोकरी सोडतो, काही वर्षे हालात काढतो. मग धंद्याची भरभराट होते आणि शेवटच्या प्रकरणात तो समाजाचे ऋण फेडू लागतो. व्याख्यानाच्या अखेरीस श्रोत्यांना सांगितले जाते, की आपली आवड ओळखा, तिचाच व्यवसाय करा आणि यशस्वी झाल्यावर इतरांना मदत करा.

आवड, व्यवसाय आणि मदत या तीनही गोष्टींना आमचा विरोध नाही. आमची हरकत आहे ती त्यांच्या क्रमाला. आमच्या मते आधी कोणाची तरी गरज समोर येते. तिच्याकडे पाठ न फिरवता पाहत राहिले, की त्यातून ध्यास जन्मतो आणि अशा ध्यासावर व्यवसाय उभा राहिला तर मदतीसाठी शेवटच्या प्रकरणाची वाट पाहावी लागत नाही. हे म्हणणे केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही महाड परिसरातील एक उदाहरण घेतले आहे. ते सर्वपरिचित आहे. मात्र आपण ते बहुधा ‘सेवाभावी डॉक्टर’ या सदरात टाकून मोकळे होतो आणि त्यातून व्यवसायाविषयी काही शिकता येईल याचा विचार करत नाही.

तत्पूर्वी दोन शब्दांविषयी थोडे. ‘व्यवसाय’ हा शब्द संस्कृतात निश्चय, दृढ प्रयत्न या अर्थाने येतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ असा प्रयोग आहे. तेथे दुकानदारीचा संबंध नाही, एका गोष्टीवर स्थिरावलेल्या निश्चयी बुद्धीचा आहे. मराठीत तो शब्द पोटापाण्याच्या उद्योगाला चिकटला, तरी ‘धंदा’ आणि ‘व्यवसाय’ यांतील छटाभेद आपण आजही पाळतो. वकिली हा ‘व्यवसाय’ असतो. वकिलाने ‘धंदा मांडला’ असे म्हटले, की ती निंदा होते. दुसरा शब्द ‘ध्यास’. यशोगाथांत ‘आवड’, ‘छंद’, ‘वेड’ आणि ‘ध्यास’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः आवड ही आवडणाऱ्याची असते. ती त्याच्या स्वभावातून येते आणि बदलूही शकते. ध्यास मात्र कशाचा तरी घ्यावा लागतो. मनाबाहेरच्या एखाद्या विषयावाचून तो संभवत नाही. हा भेद ध्यानात ठेवून आता महाडकडे वळू.

महाड औद्योगिक वसाहतीला लागून काळ नदीच्या काठी बिरवाडी हे गाव आहे. आज बिरवाडी म्हटले, की रासायनिक कारखाने, टँकरांची ये-जा आणि पाळ्या बदलताना रस्त्यावर होणारी गर्दी डोळ्यांपुढे येते. याच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून, अत्यंत गरिबीतून शिकत आलेला हा तरुण नागपूरहून वैद्यकीय पदवी घेऊन येथे आला होता. कोकणातल्या विंचवावर संशोधन करावे अशी बालपणापासूनची आवड वगैरे काही नव्हती. तो सरकारी नोकरीत आला आणि विंचू चावलेले रुग्ण त्याच्यापुढे आणले गेले.

आम्हा साहित्याच्या माणसांना विंचू ठाऊक असतो तो एकनाथांच्या भारुडातला. तेथे तो कामक्रोधाचे रूपक आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. वर्गात हे भारूड शिकवताना अध्यात्म आणि लोकनाट्य यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु ज्या श्रोत्यांसमोर ते उभे राहिले, त्यांच्या घरात विंचू ही रोजची भीती होती, हे सहसा सांगायचे राहून जाते. कोकणातला लाल विंचू दगडांच्या सांदीत, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, घराच्या भिंतींत राहतो. त्याचे विष शरीरातील मज्जातंतूंना अनावर उत्तेजित करते. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भयंकर वाढतो. मग हृदयाची ताकद खचते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. लहान मुले तर काही तासांत दगावत. त्या काळात गंभीर दंश झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के मरण पावत. खेड्यात मांत्रिकाकडे धाव घेतली जाई आणि दवाखान्यातही या विषावर नेमका उपचार उपलब्ध नव्हता.

बावस्करांनी प्रथम काय केले, हे आमच्या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि दिसेल ते टिपत गेले. दंशानंतर किती वेळाने कोणते लक्षण दिसते, नाडी कशी चालते, रक्तदाब केव्हा चढतो आणि केव्हा कोसळतो, याच्या नोंदी त्यांनी केल्या. हृदयावर होणाऱ्या परिणामांच्या पूर्वसूचनांविषयीचे त्यांचे लेखन १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आले. मधल्या काळात त्यांनी पुण्याला जाऊन एम.डी. केले आणि ते पुन्हा याच मुलखात परतले. पुढे रक्तदाबासाठी आधीपासून मिळत असलेली प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचूदंशात उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. हा उपचार रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत उतरले.

गोळी त्यांनी निर्माण केलेली नव्हती. ती औषधांच्या दुकानात आधीपासून होती. नवी होती ती पाहण्याची रीत, आणि ती रीत गरजेने शिकवली होती. विंचूदंशाचा रुग्ण बहुधा शेतमजूर, गुराखी, विटा वाहणारा किंवा अंगणात खेळणारे मूल असतो. अशा रुग्णासाठी महागडा उपाय शोधण्यात अर्थच नव्हता. उपाय स्वस्त हवा, तोंडाने देता येणारा हवा आणि खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही साठवता येणारा हवा. ज्याला मदत करायची त्याची परिस्थितीच संशोधनाच्या अटी ठरवत होती. ‘आधी आवड, नंतर मदत’ या क्रमात हे घडणे कठीण आहे.

येथे कोणी म्हणेल, की ही झाली सरकारी नोकरी. यात व्यवसाय कुठे आला? प्रश्न रास्त आहे. बावस्करांनी पुढे त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्ये स्वतःचे रुग्णालय चालवले. तालुक्याच्या गावातील खासगी रुग्णालय हा सर्वार्थाने व्यवसाय असतो. जागा, उपकरणे, परिचारिकांचे पगार, औषधांचा साठा, वीज, कर्ज हे सारे रुग्णांकडून येणाऱ्या पैशावर चालवावे लागते. म्हणजे उत्पन्न हवेच. प्रश्न उरतो तो कोणत्या उत्पन्नाला नाही म्हणायचे, हा.

२०१३ मध्ये या प्रश्नाचे एक ठळक उत्तर महाराष्ट्राला दिसले. बावस्करांनी एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवले होते. त्यानंतर संबंधित निदान केंद्राकडून त्यांच्या नावे १,२०० रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दलचा हा मोबदला होता. वैद्यकीय क्षेत्रात त्याला ‘कट’ म्हणतात. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर तक्रार केली. रक्कम लहान होती, परंतु तिने निर्माण केलेली चर्चा मोठी होती. २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा करण्याचे काम हाती घेतले, यावरून दुखणे किती पसरलेले होते ते कळते.

या १,२०० रुपयांकडे आम्ही नैतिक शौर्याची गोष्ट म्हणून पाहत नाही. तो व्यवसायाच्या रचनेचा भाग आहे. डॉक्टरचा ध्यास रोग्याच्या बरे होण्याशी बांधलेला असेल, तर रोग्याच्या खर्चातून परस्पर मिळणारा वाटा त्या ध्यासाला छेद देतो. तो स्वीकारला, की ‘या रुग्णाला ही तपासणी हवी का?’ या प्रश्नात दुसराच एक प्रश्न मिसळतो. रुग्णाला नेमके हेच उमगत नाही आणि म्हणूनच तो असहाय असतो. जो व्यवसाय दुसऱ्याच्या गरजेवर उभा असतो, त्याला त्या गरजेचा गैरफायदा घेण्याची संधी रोज मिळते. मदत आणि व्यवसाय एकत्र नांदू शकतात का, या जुन्या वादाचा निकाल आमच्या मते येथेच लागतो. नांदू शकतात, पण मिळकतीचे काही मार्ग कायमचे बंद करण्याची तयारी असेल तरच.

ध्यासाला दुसरेही एक पथ्य असते. माणूस आपल्याच शोधाच्या प्रेमात पडतो. प्राझोसिनने कीर्ती मिळवून दिली होती. तिच्यावर विसंबून राहणे शक्य होते. परंतु बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. एका गटाला केवळ प्राझोसिन दिले आणि दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस. दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनीच मांडला. ज्या उपायाने नाव झाले त्याची मर्यादा स्वतःच मोजणे हे आवडीतून घडत नाही. आवड आपल्या विषयाला जपते. गरजेतून आलेला ध्यास रोग्याला जपतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यानंतरही, २०२५ च्या आरंभी, बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा सत्तरी ओलांडलेले बावस्कर त्या गावांच्या प्रश्नात शिरले, नमुने तपासून घेतले आणि गव्हातील सेलेनियमकडे त्यांनी बोट दाखवले. विंचवाशी याचा काही संबंध नव्हता. पाहण्याची सवय मात्र तीच होती.

आता आमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारे उदाहरणही विचारात घेतले पाहिजे, अन्यथा विवेचन एकांगी होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीत आवड निश्चितच आधी होती. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात दोष असल्याचे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले आणि पुढे बेळगावला सायकलींचे दुकान चालवू लागले. यंत्रांचे वेड हा त्यांचा पिंडच होता. परंतु वेडाचा उद्योग कधी झाला? कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांपर्यंत ते पोहोचले तेव्हा. तोही नांगर प्रथम पडून राहिला, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. यंत्र उत्तम असणे पुरेसे नव्हते. शेतकऱ्याची जमीन, त्याचे बैल, त्याची शंका हे सारे समजून घेणे भाग पडले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली ती या शिक्षणानंतर. आवड येथे आधी आली हे खरे, तरी गरजेपाशी येईपर्यंत ती दुकानापुरतीच राहिली होती. त्यामुळे हे उदाहरण आमच्या मताला खोडून काढत नाही. फक्त आवड ही निरुपयोगी नसते, इतकी सुधारणा करायला लावते, आणि ती आम्हाला मान्य आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने किर्लोस्करवाडी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावी. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची आणि शेतकी अवजारांची माहिती देणारे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतील एक प्रमुख वैचारिक मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि त्यानंतर ‘मनोहर’ही याच घराण्यातून निघाले. अवजार विकायचे तर वाचकाशी बोलावे लागते, आणि बोलू लागले की त्याचे घर, त्याची पत्नी, त्याच्या रूढी यांविषयीही बोलावे लागते. विसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम लोखंडाच्या कारखान्यात आहे, ही गोष्ट भाषेचा आणि उद्योगाचा संबंध नाही असे मानणाऱ्यांनी आठवावी.

महाडकडे परत येऊ. बावस्करांनी आत्मचरित्रही लिहिले आहे. त्याचे नाव ‘बॅरिस्टरचं कार्टं’. यशोगाथांची शीर्षके आठवून पाहिली, की या शीर्षकाचे वेगळेपण जाणवते. ‘झेप’, ‘शिखर’, ‘भरारी’ असल्या शब्दांच्या बाजारात ‘कार्टं’ हा घरातला, रागावून उच्चारण्याचा शब्द आहे, आणि लेखक स्वतःची ओळख कोणाचा तरी मुलगा म्हणून देतो. यशोगाथेतला ‘मी’ स्वयंभू असतो. येथे शीर्षकापासूनच ‘मी’ दुसऱ्याच्या नात्याने उभा आहे. समीक्षेने आत्मचरित्र आणि यशोगाथा यांतील भेद तपासायचे ठरवले, तर सुरुवात येथून करता येईल.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे मराठीचे प्राध्यापक विचारतील. संबंध थेट आहे. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून येणारा कला शाखेचा विद्यार्थी पदवीनंतर बहुधा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जातो, नाहीतर मुंबईची वाट धरतो. ‘तुझी आवड कोणती?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. घरची भातशेती, तिमाहीचे हप्ते आणि बहिणीचे लग्न यांच्या गर्दीत आवड ओळखायला सवड मिळालेली नसते. उत्तर नाही म्हणून तो स्वतःला कमी लेखू लागतो. ‘तुझ्या आसपास कोणाची अडचण तू रोज पाहतोस?’ असे विचारले, तर त्याच विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. आम्ही वर्गात हा प्रश्न विचारून पाहतो, तेव्हा मागच्या बाकांवरूनही उत्तरे येतात.

अशी एक अडचण भाषेचीच आहे. रासायनिक कारखान्यात पिंपांवरची धोक्याची सूचना पुष्कळदा इंग्रजीत असते. वाचणारा कामगार मराठी वा हिंदी बोलणारा, कधी दूरच्या राज्यातून आलेला असतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी या वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. त्या दुर्घटनेचे कारण भाषा होती असे आम्ही सुचवत नाही. परंतु जेथे चूक इतकी महाग पडते, तेथे सुरक्षिततेच्या सूचना कामगाराला कळेल अशा भाषेत लिहून देणे हे किरकोळ काम नव्हे. रुग्णाला घरी सोडताना दिला जाणारा कागद, विम्याचा अर्ज, पुरानंतरच्या नुकसानभरपाईची कागदपत्रे यांचेही तेच आहे. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले, त्यानंतर असे अर्ज घराघरांत भरावे लागले. सोपे, अचूक, जबाबदार मराठी लिहिता येणे हे कौशल्य आहे, त्याची गरज आहे आणि गरज भागवणाऱ्याला त्याचे पैसे घेण्याचा हक्कही आहे. यातून कोणी मोठा उद्योगपती होईल असे नाही. चार-पाच मराठी पदवीधरांचे सन्मानाने पोट भरेल, एवढे मात्र होऊ शकते.

मदतीच्या क्रमाविषयी शेवटचा मुद्दा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून गावोगावी शाळाखोल्या झाल्या, पाण्याच्या टाक्या आल्या. त्याचे मोल आम्ही नाकारत नाही. पण या रचनेत मदत नफ्यानंतर येते आणि उरलेले ९८ टक्के कसे मिळाले हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. यशोगाथेचे शेवटचे प्रकरण म्हणजे याच हिशेबाचे वाङ्मयीन रूप होय. बिरवाडीत सुरू झालेल्या कामात मात्र मदतीचा वेगळा रकाना काढता येत नाही. रुग्ण बरा होणे हेच काम, तोच व्यवसाय आणि तीच मदत.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयांतून व्यवसाय मार्गदर्शनाची व्याख्याने होतच राहतील आणि व्हावीतही. मराठी विभागांनी त्यांपासून फटकून राहू नये. विद्यार्थ्यांना यशोगाथा वाचायला द्याव्यात आणि प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायला लावावेत : यात गरज कोणाची आहे, ती कोणत्या पानावर प्रथम दिसते, आणि नायकाने कोणते पैसे नाकारले? ज्या पुस्तकात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही, त्याची समीक्षा करायला आमचे विद्यार्थी पुरेसे समर्थ आहेत. उत्तर सापडले, तर त्या माणसाच्या व्यवसायाकडे त्यांनी अधिक लक्षपूर्वक पाहावे.